ती बाई गाडीत नव्हतीच म्हणे

मागच्या भागात आम्ही परदेशात अडकलेल्या साध्यासुध्या प्रवाशांच्या थरारपटांवर गप्पा मारल्या आणि नेहमीप्रमाणे वेळ संपला. ज्या सिनेमाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं, त्याच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं आली. तेव्हा तो इथे, जरा सविस्तर. सिनेमा आल्फ्रेड हिचकॉकचा, १९३८ सालचा, नाव 'द लेडी व्हॅनिशेस'. मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी सिनेमा बघून यावं, दीड तासाचा तर आहे.

युरोपात बँड्रिका नावाचा देश आहे. नकाशात शोधू नका, पटकथाकारांनी तो बनवलाय. बर्फ कोसळून आगगाडी अडकलीय आणि गावातल्या एकुलत्या एक हॉटेलात प्रवाशांची ही गर्दी. आयरिस नावाची एक श्रीमंत मुलगी लंडनला लग्न करायला परत निघालीय. गिल्बर्ट नावाचा एक आगाऊ तरुण लोकगीतं गोळा करत फिरतोय. टॉडहंटर म्हणून एक वकील आहे, त्याच्यासोबत 'मिसेस टॉडहंटर' आहे, जी त्याची बायको नाही. चार्टर्स आणि कॅल्डिकॉट हे दोघे इंग्रज मित्र आहेत, त्यांना जगाची एकच काळजी: मँचेस्टरची कसोटी संपायच्या आत घरी पोचायचं. आणि मिस फ्रॉय. साठीच्या आसपासची, ट्वीडचे कपडे घातलेली, बडबडी, प्रेमळ गव्हर्नेस. आपल्याकडे प्रत्येक लग्नात अशी एक मावशी असते, जिचं नक्की नातं कुणालाच सांगता येत नाही पण जी सगळ्यांना चहा मिळाला का ते बघते.

सकाळी स्टेशनवर वरून एक जड कुंडी पडते. ती मिस फ्रॉयसाठी होती, पण बसते आयरिसच्या डोक्यावर. मिस फ्रॉय तिला सांभाळून गाडीत बसवते, डायनिंग कारमध्ये चहाला घेऊन जाते. गाडीच्या आवाजात नाव ऐकू येत नाही म्हणून वाफ धरलेल्या काचेवर बोटाने लिहून दाखवते: फ्रॉय. मग दोघी डब्यात परततात, आयरिसचा डोळा लागतो. उठते तर समोरची जागा रिकामी. विचारते, त्या बाई कुठे गेल्या? डब्यातले लोक म्हणतात, कुठल्या बाई? तुम्ही तर एकट्याच होतात.

आता डब्यातले हे लोक कटात सामील आहेत. एक बॅरोनेस आहे, एक जादूगार आहे, पुढे एक मेंदूचा डॉक्टर येतो आणि डोक्याला मार लागल्यावर असे भास होतात हे अगदी सभ्यपणे समजावून सांगतो. हे सगळे खलनायक, त्यांचं कामच खोटं बोलण्याचं. त्यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते कटात नसलेले लोक आहेत. टॉडहंटरने मिस फ्रॉयला पाहिलंय. पण तो न्यायाधीश व्हायची स्वप्नं बघतोय. चौकशी झाली, साक्ष द्यावी लागली, नाव पेपरात आलं, तर सोबतची बाई कोण हा प्रश्न येणार. म्हणून तो म्हणतो, मी कुणालाच पाहिलं नाही. त्याची सोबतीण आधी खरं बोलते! पण का? तर लफडं बाहेर आलं तर याला बायकोशी घटस्फोट घ्यावाच लागेल, या आशेने. तसं काही होणार नाही हे टॉडहंटरने तिला समजावल्यावर ती शब्द फिरवते, आणि मिस फ्रॉयच्या कपड्यांत आणून बसवलेल्या दुसऱ्याच बाईकडे बोट दाखवून हीच ती म्हणते. एकच व्यक्ती, एकाच गाडीत, तासाभराच्या अंतराने, आधी स्वार्थापोटी खरं आणि मग स्वार्थापोटी खोटं. हा प्रसंग मी प्रत्येक वेळी थांबवून पुन्हा बघते.

आणि चार्टर्स-कॅल्डिकॉट. यांनी तर तिला अगदी जवळून पाहिलंय. चहाच्या टेबलावर चार्टर्स साखरेचे खडे मांडून क्रिकेटमधला कुठलासा वाद सोडवत होता, सगळं क्षेत्ररक्षण टेबलावर लागलेलं, आणि शेजारच्या टेबलावरून मिस फ्रॉयने साखर मागितली. बिचाऱ्याला सगळे खेळाडू उचलून भांड्यात परत टाकावे लागले. असा अपमान माणूस विसरत नाही. पण आयरिस विचारायला येते तेव्हा दोघांच्या मनात एकच हिशोब चालू असतो: बाई हरवली म्हटलं तर गाडी थांबणार, गाडी थांबली तर मॅच हुकणार. मग ते म्हणतात, आम्ही क्रिकेटबद्दल बोलत होतो हो, आमचं लक्ष नव्हतं.

यातलं कुणीच वाईट नाही, ही खरी गंमत. (गंमत हा शब्द मराठीत आपण फार भयंकर गोष्टींसाठीही वापरतो, तसाच घ्या.) खलनायकांना मिस फ्रॉयला फक्त पळवावं लागलं. तिचं असणंच पुसून टाकायचं काम सहप्रवाशांनी फुकटात केलं.

सिनेमा ज्या कादंबरीवर आधारलाय ती एथेल लिना व्हाइट या लेखिकेची, 'द व्हील स्पिन्स', १९३६ सालची. सिनेमातली मिस फ्रॉय शेवटी गुप्तहेर निघते. एका तहातलं गुपित एका धूनमध्ये दडवून ती इंग्लंडला नेतेय. ते गुपित नक्की काय, हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. कादंबरीत मात्र ती हेरबीर काही नाही. ती खरंच साधी गव्हर्नेस आहे, घरी म्हातारे आईवडील तिची वाट बघताहेत, आणि तिचा गुन्हा इतकाच की तिने तिच्या मालकाला नको त्या वेळी नको तिथे पाहिलंय. त्याचं तिला महत्त्वही कळलेलं नाही. आणि कादंबरीत चार्टर्स-कॅल्डिकॉटही नाहीत. ती जोडी पटकथाकार सिडनी गिलियट आणि फ्रँक लाँडर यांची, आणि ती लोकांना इतकी आवडली की पुढे 'नाइट ट्रेन टू म्युनिक' वगैरे दुसऱ्या सिनेमांतही आली. कादंबरीत त्यांच्या जागी पाद्र्याची बायको आहे. सरळ, देवभोळी बाई. तिचा लहान मुलगा घरी आजारी आहे आणि तिला फक्त त्याच्याजवळ पोचायचंय. ती गप्प राहते. क्रिकेटसाठी गप्प राहणाऱ्यांवर हसता येतं, या आईवर कसं हसणार? पडद्यावर हसू आणायला हिचकॉकला क्रिकेट लागलं, हे खरं. पण पुस्तक जास्त बोचतं ते या बाईमुळे.

ही कल्पना व्हाइटबाईंनाही आभाळातून सुचलेली नाही. तिच्यामागे एक जुनी दंतकथा आहे, आणि हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीतही तिचा उल्लेख केलाय. पॅरिस, १८८९, मोठं जागतिक प्रदर्शन चालू. एक बाई आणि तिची मुलगी हॉटेलात उतरतात. आई आजारी पडते, डॉक्टर मुलीला औषध आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवतो. ती परत येते तर हॉटेलवाले म्हणतात, आई? तुम्ही तर एकट्याच आलात. खोली दाखवतात, भिंतीवरचा कागदसुद्धा वेगळा. गोष्टीतला उलगडा असा: आईला प्लेग होता, बातमी फुटली तर प्रदर्शन ओस पडेल, म्हणून ती रातोरात नाहीशी केली गेली. याला पुरावा काहीही नाही. पण गोष्टीच्या नंतर गाजलेल्या रूपात या मायलेकी कुठून आलेल्या असतात? हिंदुस्थानातून.

इथे माझे कान टवकारतात. १८८९ साली मुंबईत प्लेग नव्हताच. तो आला १८९६ मध्ये, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि त्यापुढचं रँड प्रकरण आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच १८९७ मध्ये व्हेनिसला युरोपातल्या सरकारांची परिषद भरली, विषय एकच: हिंदुस्थानातला प्लेग आपल्या बंदरांत कसा येऊ द्यायचा नाही. पॅरिसची ही गोष्ट छापून फिरायला लागते तीही साधारण त्या दशकाच्या अखेरीला. तेव्हा माझा तर्क असा, की १८८९ च्या पॅरिसमध्ये जी भीती दाखवलीय ती खरी नंतरची आहे, आणि तिचा पत्ता मुंबईचा आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मुंबईहून येणारी बोट म्हणजे रोग, हे तेव्हाच्या वाचकाला वेगळं सांगायची गरज नसणार.

परत गाडीत येऊ. सगळ्यांनी मिळून नाही म्हटल्यावर आयरिस काय करते? आधी भांडते. मग हळूहळू तिचा स्वतःवरचा विश्वास ढळतो. खरंच डोक्याला लागल्यामुळे असेल का? मी मानसशास्त्रात काम करते, स्मरणशक्ती हाच माझा विषय, त्यामुळे या ठिकाणी मला सॉलोमन अ‍ॅश आठवतोच. पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत गेलेला मानसशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकात त्याने एक फार साधा प्रयोग केला. सात-आठ मुलं एका खोलीत. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा, त्यातली पहिलीएवढी कुठली ते सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतली एक सोडून बाकी सगळी मुलं अ‍ॅशने आधीच फितवलेली, आणि ठरावीक फेऱ्यांना ती सगळी ठामपणे तेच चुकीचं उत्तर द्यायची. उरलेल्या एकट्याने काय केलं? अशा फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली. सुमारे चौथाई मुलं मात्र एकदाही बधली नाहीत. नंतर विचारल्यावर काही म्हणाले, आम्हाला वाटलं आमचेच डोळे बिघडले. काही म्हणाले, दिसत होतं बरोबर, पण वेगळं पडायचं नव्हतं.

हे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. कमी सांगितला जातो तो पुढचा भाग. अ‍ॅशने खोलीत आणखी एक माणूस ठेवला, जो खरं उत्तर देईल. फक्त एक. बाकी गर्दी तशीच. लगेच चुकीची उत्तरं चौथाईवर आली. बहुमत लागत नाही, एक जण पुरतो.

सिनेमात हा एक जण म्हणजे गिल्बर्ट, आणि तोही लगेच नाही. तो आयरिसला मदत करतो, पण त्यात तिच्यावर विश्वासापेक्षा तिच्यावर लाइन मारण्याचा भाग जास्त. मिस फ्रॉय स्वतःच्या पर्समधून खास चहाची पुडी काढून वेटरला द्यायची. आचाऱ्याने ते रिकामं वेष्टण कचऱ्याबरोबर बाहेर फेकलेलं असतं, ते वाऱ्याने येऊन क्षणभर खिडकीच्या काचेला चिकटतं, आणि ते नेमकं गिल्बर्टला दिसतं. दोन सेकंद, मग उडून जातं. त्या आधी काचेवर लिहिलेलं नाव आयरिसला सापडलं होतं, पण दुसऱ्याला दाखवेपर्यंत गाडी बोगद्यात शिरली आणि नाव गेलं. एका बाईच्या असण्याचे पुरावे ते काय, तर वाफ आणि कागदाचा कपटा.

आपण प्रेक्षक मात्र सुरुवातीपासून जाणतो की ती होती. हे महत्त्वाचं. हिचकॉकला शेवटच्या धक्क्यात रस कमी, आपल्याला माहीत असलेली गोष्ट पडद्यावरच्या माणसाला कुणी मानत नाही, या तगमगीत जास्त. औषध घातलेल्या पेयाचा प्रसंग बघा. डॉक्टर, आयरिस आणि गिल्बर्ट बोलताहेत, पण कॅमेऱ्यासमोर दोन पेले इतके मोठे दिसतात की आपली नजर हलत नाही. त्यासाठी त्याने मुद्दाम अवाढव्य पेले बनवून घेतले होते. आणि हे सगळं लंडनच्या इझलिंग्टनमधल्या छोट्या स्टुडिओत, एका डब्याचा सेट आणि खिडक्यांमागे पडद्यावर चालवलेली दृश्यं यांवर भागवलेलं. मुळात हा सिनेमा दुसराच दिग्दर्शक करणार होता. चित्रीकरणाला एक तुकडी युगोस्लाव्हियात गेलीही होती. तिथल्या पोलिसांच्या हाती पटकथा लागली, आपल्या देशाचं त्यात काय रूप दाखवलंय ते त्यांनी वाचलं आणि तुकडीला देशाबाहेर काढलं. परदेशात अडकलेल्या प्रवाशांच्या सिनेमाची ही सुरुवात.

शेवटाकडे गाडीचा डबा आडमार्गाला वळवला जातो, सैनिक गोळीबार करतात. टॉडहंटरचं म्हणणं, आपण सभ्य लोक, शरण गेलो तर कोण काय करणार. पांढरा रुमाल हलवत तो खाली उतरतो आणि गोळी लागून मरतो. सिनेमा लंडनमध्ये लागला ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्युनिकचा करार झाल्यावर आठवड्याभरात. पटकथा अर्थातच आधीची, पण बघणाऱ्यांना त्या रुमालात काय दिसलं असेल ते सांगायला नको.

त्याच वर्षी एरिक अँब्लरची 'एपिटाफ फॉर अ स्पाय' ही कादंबरी आली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. तिचा नायक वाडासी, पॅरिसमध्ये भाषा शिकवणारा मास्तर, सुट्टीला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आलाय. फिल्म धुवायला देतो, तर तीत त्याने न काढलेले नौदलाच्या तटबंदीचे फोटो निघतात. हॉटेलात कुणाशी तरी कॅमेऱ्याची अदलाबदल झालेली. पोलिसांना लवकरच कळतं की हा हेर नाही. पण ते म्हणतात, खरा हेर तू शोधून दे, नाहीतर तुला हद्दपार करू. तो नाही म्हणू शकत नाही, कारण त्याला देशच नाही. जन्मगाव हंगेरीतून युगोस्लाव्हियात गेलं, आणि पासपोर्ट नूतनीकरण करून मिळेना. बँड्रिकाच्या गाडीतल्या इंग्रजांना शेवटच्या गोळीपर्यंत वाटत राहतं की आपण ब्रिटिश, आपल्याला कोण हात लावणार. वाडासीला असं एक मिनिटही वाटत नाही. 'साधा प्रवासी' हा शब्द आपण सहज वापरतो, पण साधं असायलाही कागद लागतात.

आता माझं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी रात्रीच्या बसने एका देशातून दुसऱ्यात चालले होते. सकाळी नऊला व्हिसाची अपॉइंटमेंट, जुन्या व्हिसाचे बारा दिवस उरलेले. शेजारी पन्नाशीची एक बाई. भाषा जुळेना. तिने संत्रं सोलून अर्धं मला दिलं, मी तिला घरून आलेल्या फराळातली चकली दिली. तिने एक तुकडा खाल्ला, हसली आणि उरलेली रुमालात बांधून ठेवली. पहाटे तीनच्या सुमाराला सीमेवर बस थांबली, वर्दीतले दोघे चढले, सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन गेले. थोड्या वेळाने आले आणि तिला खाली घेऊन गेले. तिची कापडी पिशवी वरच्या फळीवर राहिली. अर्ध्या तासाने पासपोर्ट परत मिळाले, ड्रायव्हर आत आला, सगळे आहेत ना म्हणून विचारलं. पुढून दोघं-तिघं हो म्हणाले. त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा पासपोर्ट माझ्या हातात होता, दोन्ही हातांनी धरलेला. मी काही बोलले नाही. बस निघाली.

उतरताना ड्रायव्हरने पिशवी खाली काढली आणि विचारलं, ही कुणाची? तेव्हा मी सांगितलं, इथे एक बाई होत्या. त्याने मान हलवून ती खालच्या सामानाच्या कप्प्यात टाकली. व्हिसाचं काम चार मिनिटांत झालं.

मी बोलले असते तर काही झालं असतं का, माहीत नाही. बहुधा नाहीच. त्या आधी हा सिनेमा मी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा चार्टर्स-कॅल्डिकॉटवर खळखळून हसले होते.

सिनेमा त्या दोघांना सोडून देत नाही, पण शिक्षाही करत नाही. गोळीबारात ते नीट उभे राहतात, चार्टर्सच्या हाताला गोळी लागते, कॅल्डिकॉट नेमबाज निघतो. मिस फ्रॉय जंगलातून निसटते आणि शेवटी लंडनमध्ये पियानोवर तीच धून वाजवताना सापडते. दोघे मित्र वेळेत इंग्लंडला पोचतात, धावत स्टेशनाबाहेर येतात, आणि समोर वर्तमानपत्राचा फलक: मँचेस्टरची कसोटी पावसामुळे रद्द. त्याच १९३८ च्या जुलैत इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची मँचेस्टर कसोटी खरोखरच एकही चेंडू न टाकता वाहून गेली होती.

बघाल तेव्हा आयरिस त्यांना विचारायला येते तो प्रसंग जरा लक्ष देऊन बघा. चार्टर्स क्रिकेटचा विषय काढतो, आणि क्रिकेटसारख्या गोष्टीपायी माणूस दिसत नाही म्हणजे काय, असं आयरिस म्हटल्यावर तो खरंच दुखावतो. मिस फ्रॉयबद्दल खोटं बोलताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते.